आधी बाजू समोरच्याची

वाद कसा जिंकावा हे ज्याला शिकायचं असेल त्यानं माझ्या साडभाऊंकडे जावं, आणि जाण्याआधी आपली नोकरी, आपलं घर आणि आपली बायकापोरं कुठेतरी सुरक्षित जागी ठेवून मग जावं. मी रागानं बोलतो आहे असं कोणाला वाटेल. बरोबर वाटतंय, मी रागानंच बोलतो आहे. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा इथे देशाच्या चारी दिशांनी माणसं येऊन पडली होती. पंजाबी होते, बंगाली होते, मद्रासी होते, डोक्यावर टोप्या घालून घामानं निथळणारे रशियन साहेब होते. त्या सगळ्या गर्दीत माझ्या साडभाऊंना वादात हरवील असा एकही मायचा लाल निघाला नाही. आणि त्यांनी ज्याची बाजू घेतली त्याचं भलं झालं, असाही एक निघाला नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी लिहितात तिथे, कारकून होते, सेक्टर दोनमध्ये त्यांना पक्कं क्वार्टर होतं. मी एका ठेकेदाराकडे खलाशी होतो आणि पत्र्याच्या खोलीत राहत होतो. आम्हा खलाशांचं काम लोखंडाच्या तुळया दोरानं बांधायच्या, क्रेनला लटकवायच्या आणि हाताच्या इशाऱ्यानं वर चढवायच्या. म्हणजे त्यांचं काम तोंडाचं आणि माझं हाताचं. इथूनच आमचं बिनसायला सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही.

हा रोग त्यांच्या घराण्यातला. भंडाऱ्याकडे कलगी-तुऱ्याचे फड रंगायचे, कलगीवाले एका बाजूला, तुरेवाले दुसऱ्या बाजूला. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा. साडभाऊंचे वडील तुरेवाल्यांचे शाहीर. त्यांच्या फडाचा एक कडक नियम होता. जबाब देण्याआधी समोरच्याचा सवाल आपण म्हणून दाखवायचा, आणि त्यानं म्हटला त्याच्यापेक्षा चांगला म्हणून दाखवायचा. समोरच्या शाहिरानं 'वा' म्हणून मान डोलवली की मगच त्याला तोडायचं. "ज्याले समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडता येत नाई, त्याले ते तोडाचा हक नाई," हे वडिलांचं वाक्य साडभाऊ दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. नियम चांगला आहे. मी कबूल करतो, ऐकायला फारच चांगला आहे. पण गावच्या फडात वेळेला तोटा नसतो, आणि कारखान्यात भोंगा वाजतो. एवढी साधी गोष्ट ह्या विद्वान माणसाच्या डोक्यात शिरली नाही. शिवाय शाहीर गाताना कानावर हात ठेवतात ना, तशी ह्यांनाही सवय. समोरचा बोलायला लागला की हे डोळे मिटून उजवा कान तळहातानं झाकून घ्यायचे. त्यांच्या मते ते नीट ऐकण्याचं लक्षण होतं. बोलणाऱ्याला वाटायचं, माझं बोलणं ह्याला ऐकवेनासं झालंय. अर्धी भांडणं तिथेच पेटायची.

स्वतः बोलायची वेळ आली की त्यांना पायाखाली काहीतरी उंच लागायचं. वीट, पायरी, उपडी बादली, काहीही. एक पाय त्यावर चढला की बायका स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "चढले बाई चढले, पोळ्या झाकून ठेवा!" कारण मग जेवण कधी होईल ह्याचा भरवसा नसायचा. सेक्टर दोनच्या नळावर एकदा दोन शेजारणींची बाचाबाची झाली. दोघी भांडून दमल्या होत्या, घरी निघाल्या होत्या, देवाची शपथ घेऊन सांगतो, निघाल्या होत्या. साडभाऊ न्यायाला उभे राहिले. आधी त्यांनी पहिलीची बाजू मांडली. अशी मांडली, की आपल्यावर एवढा अन्याय झालाय हे त्या बाईला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि ती रडायला लागली. मग दुसरीची मांडली. ती तर घागर आपटून धावूनच गेली. पुढचा महिनाभर त्या नळावर कोणी निवांत पाणी भरलं नाही. साडभाऊ मात्र घरी येऊन पाय धुताना समाधानानं म्हणाले, "दोघीबी पटल्या." ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हातातला तांब्या असा काही ठेवला की त्याला पोचा आला.

गणपतीत मराठी मंडळींनी वादविवादाची स्पर्धा ठेवली. विषय होता 'यंत्रानं माणूस सुखी झाला काय?' साडभाऊंनी 'झाला' ह्या बाजूनं नाव दिलं. कारखान्यात पगार घेणाऱ्या माणसानं दुसरं काय म्हणायचं? मंचावर चढले, ध्वनिक्षेपकापाशी खोकं ओढून घेतलं, एक पाय वर ठेवला आणि नियमाप्रमाणे आधी समोरच्याची बाजू सुरू केली. यंत्रानं नांगर गेला, बैल गेला, गाव गेलं, माणूस भोंग्याच्या तालावर उठायला लागला आणि भोंग्याच्या तालावर जेवायला लागला. मंडपात बायांनी डोळ्यांना पदर लावले. आणि वेळ संपल्याची घंटा झाली. 'आता माझी बाजू' असं ते म्हणतात न म्हणतात तोच पुढच्याचं नाव पुकारलं गेलं. परीक्षकांनी त्यांना 'झाला नाही' ह्या बाजूचं पहिलं बक्षीस दिलं. मी म्हटलं, भाऊ, हे परत करा, लोक हसताहेत. तर म्हणतात, "हसू दे. माह्या बाजूचं अजून बाकीच हाय. ते बोललो असतो त त्याचंबी भेटलं असतं." ह्याला काय म्हणावं? जित्याची खोड, दुसरं काय!

मला त्यांनी शागीर्द केलं होतं. मी कधी म्हटलं नव्हतं हो मला शिकवा. पण रविवारी जेवायला बोलवायचे आणि वरणभातासोबत वादाचे नियम वाढायचे. "आपला आवाज चढवाचा नाई, समोरच्याचा चढू द्याचा." "समोरचा जेवून आला का उपाशी, हे आधी पाह्यजो. उपाशी मानसाशी वाद करू नोको, तो ऐकत नाई, मारते." "उत्तर सुचत नसन त सवालाची तारीफ करजो, तेवढ्यात सुचते." आणि सगळ्यात लाडका नियम म्हणजे, "साक्षीदार दुबळ्या वादाले लागते. ज्याचा वाद खरा त्याले मानूस आनाव लागत नाई." हा शेवटचा नियम ऐकताना मी भाताचा घास तोंडात घेऊन मान हलवली होती. तो घास मला अजून पचला नाही.

आता त्या क्रेनवाल्याचं सांगतो. ज्या क्रेनला मी इशारे करायचो ती चालवणारा माणूस इथलाच, छत्तीसगढी. त्याचं गाव कारखान्याच्या जागेत गेलं होतं. जिथे त्याचं घर होतं तिथे आता कुठली भट्टी उभी राहतेय हे तो क्रेनवर बसल्याबसल्या बोटानं दाखवायचा. कमी बोलणारा माणूस. पण आमच्या चहाच्या टपरीवर चहा बेचव लागला की एवढंच म्हणायचा, "हमर गाँव के तरिया के पानी मीठ रिहिस." आमच्या गावच्या तळ्याचं पाणी गोड होतं. बस्, एवढंच. कोणाचं काही घेत नव्हता. एक दिवस तो असं म्हणाला त्या वेळी साडभाऊ टपरीवर होते. टपरीसमोर विटांचा ढीग होता आणि ह्यांचा पाय त्यावर चढला. आधी त्यांनी त्या तळ्याची अशी स्तुती केली की क्रेनवाल्याच्या तोंडावर हसू आलं. चार वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मग हा माणूस त्याला तोडायला लागला. ज्या तळ्यात म्हशी बसतात, माणसं अंघोळ करतात, कपडे धुतात, ते पाणी गोड कसं? गोड लागत होतं कारण दुसरं कधी प्यायलाच नाहीस. आणि आता तळंच नाही, तर गोड की खारं हे तू सिद्ध कशानं करणार? टपरीवर हशा पिकला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. क्रेनवाल्यानं अर्धा चहा मातीत ओतला आणि निघून गेला. त्यानंतर तळ्याचं नाव त्यानं काढलं नाही आणि साडभाऊंशी एक शब्द बोलला नाही. मला तेव्हाच राग आला होता. अहो, ज्याचं गाव गेलं त्याच्याकडे तळ्याची आठवण तेवढी उरली होती. तीसुद्धा ह्याला जिंकून घ्यायची होती!

त्यानंतर पावसाळा सरता सरता ते तुळईचं झालं. आमच्या कामात एक नियम देवाच्या नियमासारखा आहे. क्रेनला इशारा एकच माणूस करणार. आवाज इतका असतो की बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून हात वर फिरवला की उचल, मूठ आवळली की थांब. क्रेनवाल्यानं त्या एकाच हाताकडे पाहायचं. त्या दिवशी इशाऱ्याचा हात माझा होता. तुळई जमिनीपासून उठली आणि दोर सरकला असं मला दिसलं. मी मूठ आवळली. पण आमचा फोरमन घाईत होता. माझ्या मागे उभा राहून त्यानं हात गरगर फिरवला, उचल, उचल. क्रेनवाल्यानं पाहिलं, मोठ्या माणसाचा हात मोठा, आणि उचलली. दोर निसटला, तुळई खाली आली आणि खालच्या सिमेंट कालवायच्या मशीनचा पार चेंदामेंदा झाला. देवाची कृपा, माणूस खाली नव्हता. पण फोरमननं लगेच सांगितलं, इशारा ह्याचा होता, ह्यानंच हात फिरवला. माझी चौकशी लागली. काम गेलं तर खोलीही जाणार होती, कारण पत्र्याची खोली ठेकेदाराची. दोन लहान पोरं, बायकोला दिवस गेलेले, आणि गावी भावांनी शेत आधीच वाटून घेतलेलं. परत जायला जागा नव्हती.

खरं पाहणारा माणूस एकच होता, तो म्हणजे क्रेनवाला. खरं सांगायचं तर त्याला स्वतःची चूकही कबूल करावी लागणार होती, की मी इशाऱ्याचा हात सोडून फोरमनचा हात पाहिला. तरी मी विचारल्यावर तो हो म्हणाला. चौकशीच्या दिवशी धुतलेला सदरा घालून ऑफिसच्या दाराशी येऊन उभाही राहिला. चौकशीच्या साहेबांनी मला माझ्या बाजूनं बोलणारा एक माणूस सोबत आणायची परवानगी दिली होती. मी कोणाला आणलं असेल? घरात एवढा मोठा वक्ता असताना दुसऱ्याला कोण आणतो! साडभाऊ आले, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. दाराशी क्रेनवाल्याला पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हारी ज़रूरत नहीं है. हमारी बात सच्ची है, उसको गवाह नहीं लगता. और जो आदमी भैंस के पानी को मीठा बोले, उसकी गवाही कौन मानेगा?" मी म्हणालो, "भाऊ, असू द्या ना त्याले!" क्रेनवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "तोर बर आय रेहेंव," म्हणाला. तुझ्यासाठी आलो होतो. आणि पायऱ्या उतरून गेला. मी त्याच्यामागे धावणार तोच आत नाव पुकारलं गेलं.

आत साहेब टेबलामागे बसलेले, बाजूला फोरमन. साहेब बोलायला लागले तसा साडभाऊंनी डोळे मिटून कान झाकून घेतला. साहेबांनी मला विचारलं, "इनके कान में दर्द है क्या?" मी काय सांगू! मग साडभाऊंची पाळी आली. खोलीत उंच काही नव्हतं, म्हणून त्यांनी कागदाच्या टोपलीच्या काठावर पाय ठेवला, आणि म्हणाले, "साहब, पहले मैं वह कहूँगा जो फोरमन साहब कहना चाहते थे और कह नहीं पाए." मी त्यांचा शर्ट मागून ओढला. काही उपयोग नाही. फोरमनला दोन वाक्यं धड बोलता आली नव्हती. साडभाऊंनी त्याचं असं सोनं केलं! इशाऱ्याचा हात म्हणजे काय, त्यावर किती जणांचे प्राण टांगलेले असतात, आज मशीन गेलं, उद्या कोणाचा बाप जाईल, आणि तेव्हा त्या पोरांना हे सांगायचं का की इशारा करणारा गरीब होता म्हणून आपण त्याला ठेवलं होतं? "दया अच्छी चीज़ है साहब, लेकिन क्रेन के नीचे दया नहीं चलती." फोरमनचे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत, ऐकता ऐकता मलाही पटलं की ह्या माणसाला कामावरून काढलंच पाहिजे. मग आठवलं की तो माणूस मी आहे.

आणि भोंगा झाला. साहेब उठले. "ठीक है, बात साफ़ हो गई." साडभाऊ म्हणाले, "साहब, अब दूसरी बाजू..." साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "दूसरी की ज़रूरत नहीं. आपने सब कह दिया." जीप निघून गेली. आठवड्याच्या शेवटी खोली सोडायची असं मला बाबूनं तोंडी सांगितलं.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. ऑफिसपासून माझ्या खोलीपर्यंत मी ह्या माणसाला काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. बाप, आजा, पणजा, फड, तुरा, काही सोडलं नाही. साडभाऊ माझ्यामागून येत होते. खोलीच्या दाराशी आल्यावर त्यांनी घाम पुसला आणि काय विचारलं असेल? "पन पहिली बाजू कशी झाली गा?" मी हात उगारला होता. खरंच उगारला होता. पण माझी बायको बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. बहिणीच्या नवऱ्यासमोर ती आजवर कधी मान वर करून बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "भाऊजी, तुमी जिंकले. आता आमी कुठं जाऊ, तेवढं सांगा." साडभाऊंनी तोंड उघडलं. मी वाट पाहत होतो, आता सवालाची तारीफ करतात की काय. उंबऱ्याशी माझी धाकटी पोरगी मातीत खेळत होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं आणि वळून चालू लागले.

दुसऱ्या दिवशी क्रेनवाल्याची पाळी सुटल्यावर मी त्याला भेटायला टपरीवर गेलो. तो पाठ करून चहा पीत बसला होता. मी हात जोडले. तो म्हणाला, "तोर बर दुख हे. फेर ओकर संग नइ ठाढ़ होवँव." तुझ्यासाठी वाईट वाटतं, पण त्याच्यासोबत मी उभा राहणार नाही. तेवढ्यात साडभाऊ आले. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. टपरीवर माणसांची गर्दी होती. कालची हकीकत सगळ्यांना कळली होती, आणि तळ्याच्या दिवशी हसणारेही त्यांत होतेच. विटांचा ढीग तिथेच होता. साडभाऊ त्याच्या बाजूला, खाली जमिनीवर उभे राहिले, दोन्ही पाय मातीत. आणि क्रेनवाल्याच्या पाठीकडे पाहून म्हणाले, "तुम्हारे गाँव के तालाब का पानी मीठा था."

कोणीतरी हसलं. "आला, आला फड रंगात!" साडभाऊ थांबले नाहीत. पहाटे बाया घागरी घेऊन तळ्यावर यायच्या, म्हणाले, आणि आधी हातानं पाणी बाजूला सारून मग घागर बुडवायच्या, म्हणजे वरचा पाला आत येऊ नये. म्हशींचा घाट वेगळा होता आणि पिण्याच्या पाण्याचा वेगळा. गावात इतकी अक्कल होती, ही गोष्ट, म्हणाले, मी त्या दिवशी मुद्दाम दाबली. वैशाखातही तळं आटत नव्हतं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या पोरी माहेरी आल्या की आधी ओंजळभर पाणी प्यायच्या आणि मग आईला भेटायच्या. ह्या माणसानं ते तळं जन्मात पाहिलं नव्हतं. कोणाला विचारून आला होता, का मनानं सांगत होता, मला आजवर माहीत नाही. क्रेनवाल्याचा पेला हातातच राहिला होता. मान हळूहळू वळली. पण डोळ्यांत भरवसा नव्हता. कारण सगळ्यांना पद्धत ठाऊक होती. आधी असंच चढवणार, मान डोलली की तोडणार. टपरीवाल्यानं स्टोव्हचा पंप मारायचा थांबवला. माणसं पुढे सरकली. साडभाऊ बोलायचे थांबले.

आम्ही सगळे दुसऱ्या बाजूची वाट पाहत उभे होतो. एकाला राहवेना. "हाँ, फिर? आगे?" साडभाऊंनी चपलेनं माती इकडची तिकडे केली. "आगे कुछ नहीं," ते म्हणाले. "पानी मीठा था. मैं हार गया."

कोणी हसलं नाही. साडभाऊंचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, बस्, आता पुरे, कोणीतरी ह्यांना बसायला द्या. मी, ज्यानं काल हात उगारला होता, तोच मी! क्रेनवाल्यानं पेला खाली ठेवला. तो उठला, साडभाऊंपाशी गेला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चल."

आम्ही तिघं तसेच ऑफिसात गेलो, आणि साहेबांपुढे तो चार वाक्यं बोलला. ह्याची मूठ आवळलेली होती, फोरमनचा हात फिरत होता, मी फोरमनचं पाहिलं, चूक माझी. साडभाऊ बाहेर पायऱ्यांवर बसून होते, आत आलेच नाहीत. साहेबांनी क्रेनवाल्याला समज देऊन सोडलं, फोरमनला दुसऱ्या कामावर धाडलं आणि मला म्हणाले, "ये आदमी कल क्यों नहीं आया था?" मी म्हणालो, "साहब, आया था, हमने ही बोलने नहीं दिया." खोली राहिली, काम राहिलं. त्या थंडीत आमच्याकडे तिसरं लेकरू झालं आणि बारशाला साडभाऊ आले, गुळाची ढेप घेऊन.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी आणि माझा राग उतरायला हवा. पण उतरत नाही, कारण त्या दिवसापासून हा माणूस वाद घालत नाही. काहीही म्हणा, कबूल. नळाच्या बायांनी न्यायाला बोलावलं तर म्हणाले, दोघींचं बरोबर आहे, आणि घरात गेले. गणपतीत लोकांनी नाव घातलं तर खोडून आले. ऑफिसात कोणीही काहीही सांगावं आणि ह्यांनी मान हलवावी. ताई माझ्या बायकोला म्हणाल्या, "घरात आता पोळ्या गरम असतात, पन खाव वाटत नाई." मी आता कारखान्यात कायम झालो, पक्क्या क्वार्टरमध्ये राहतो, आणि रविवारी आता मी त्यांना जेवायला बोलावतो. दर रविवारी मी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलतो. सूर्य पश्चिमेला उगवतो एवढंच म्हणायचं बाकी ठेवलंय मी.

परवाच्या रविवारी माझा संयम संपला. आम्ही दोघं ताटांवर बसलो होतो, दोघी बहिणी आत भाकरी थापत होत्या. मी मोठ्यानं म्हणालो, "इथली शिवनाथ नदी पाह्यल्यावर मले तर वैनगंगा म्हणजे नालाच वाटते." भंडाऱ्याच्या माणसाला ह्यापेक्षा मोठी शिवी नाही. आतला भाकरीचा आवाज थांबला. साडभाऊंनी मान वर केली. एक क्षण मला वाटलं, आता उठतात, आता पाट ओढतात. "असन गा," ते म्हणाले. "तू म्हनून राहिला त असन."

मग माझा जो भडका उडाला! म्हटलं, तुम्ही नाही बोलत ना, थांबा, मीच तुमची बाजू मांडतो. उठून उभा राहिलो आणि वैनगंगेच्या बाजूनं बोलायला लागलो. मला काय येतं बोलायला? माझं काम हाताचं. पात्राबद्दल काय काय फेकलं, माशांची नावं चुकीची घेतली, पुराचं अर्धवट सांगितलं, नदीचा उगमच उचलून नागपुरात नेऊन ठेवला. घाम फुटला, आणि पुढचं काही सुचेना तेव्हा बसलो. साडभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "चांगला बोलला," म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत ह्या माणसानं माझी कधी तारीफ केली नव्हती, आणि केली ती मी इतकं भिकार बोललो तेव्हा. "खोटं बोलू नोका भाऊ," मी ओरडलो. माझा आवाज चिरकला, तोही त्यांना ऐकू गेला असेल. "वैनगंगा नागपुरातून निघते म्हनलं मी. निघते का? सांगा न, निघते का?"

साडभाऊंनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

"जेव," ते म्हणाले. "भाकर थंडी होऊन राहिली."